कार्ड जुनं, कर्नल नवा: डाहडी ३ ड्रायव्हर आणि टेलिफोनी कार्डांचं परीक्षण

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसला जुन्या मालात फोनच्या लाइनी संगणकाला जोडणारं चार पोर्टचं टीडीएम ४०० पी कार्ड अजूनही हाताला लागतं. पीसीबी म्हणजे सर्किट बोर्ड, त्यावर लाल-हिरवी छोटी मोड्युलं, सोबत पत्र्याची पट्टी. दुकानदार चालवून दाखवतो, पोर्टचे दिवे लागतात, आणि कुरिअरने कार्ड लातूर-नांदेडला येऊन पडतं. घोटाळा होतो तो इथे आल्यावर. नव्या मशीनवर नवं लिनक्स टाकलं की ते कार्ड दिसतं पण चालत नाही. हार्डवेअर ठणठणीत असतं, संपलेला असतो तो ड्रायव्हर. म्हणून हे परीक्षण कार्डापेक्षा ड्रायव्हरचं, म्हणजे डाहडीचं आहे. या धंद्यात कार्ड दहा-पंधरा वर्षं आरामात चालतं, त्याचं आयुष्य ठरवतो तो कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि त्याच्याशी जुळणारा ड्रायव्हर.

तपासलेला माल असा: डाहडी ३ मालिकेचा एकत्रित पॅक, म्हणजे लिनक्स ड्रायव्हर आणि टूल्स एकाच गाठोड्यात, सोबत फोन एक्स्चेंज चालवणारं सॉफ्टवेअर अ‍ॅस्टेरिस्क. कार्डांत अ‍ॅनालॉगसाठी टीडीएम ४१० पी आणि ए४बी, पीआरआयसाठी (एका जोडणीवर तीस कॉल नेणारी डिजिटल लाइन) टीई १२२ आणि टीई ४३५, आणि तुलनेला ते जुनं टीडीएम ४०० पी. कसोटी लावली आहे ती इथल्या वापराची: वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यातला चोवीस तास चालणारा पीबीएक्स (आतलं टेलिफोन एक्स्चेंज), लातूरच्या डाळ मिलचं ऑफिस, जिल्ह्याच्या गावातला दवाखाना. एसी खोली नाही, धूळ भरपूर, विजेचा भरवसा बेताचा.

थोडी पूर्वपीठिका, कारण जुन्या कागदपत्रांत नावं वेगळी सापडतात. हा ड्रायव्हर आधी झॅपटेल नावाने होता. ट्रेडमार्कच्या भानगडीमुळे २००८ मध्ये डिजियमने त्याचं नाव डाहडी केलं. २०१८ मध्ये डिजियम कंपनी सँगोमाने घेतली. त्यामुळे कार्डावर डिजियम, बिलावर सँगोमा आणि जुन्या सेटिंगच्या फाइलीत झॅप असं तिन्ही दिसलं तर गोंधळायचं कारण नाही.

कोणतं कार्ड कोणत्या ड्रायव्हरवर

खरेदीआधी एवढं पाठ असलं तरी पुरे. टीडीएम ४०० पी चालतं डब्ल्यूसीटीडीएम या ड्रायव्हरवर. टीडीएम ४१० पी आणि त्याचं पीसीआय-एक्सप्रेस भावंड एईएक्स ४१० चालतात डब्ल्यूसीटीडीएम-२४एक्सएक्सपी वर. ए४ आणि ए८ कार्डांचा ड्रायव्हर डब्ल्यूसीएएक्सएक्स; त्यात नावाच्या शेवटी ‘ए’ म्हणजे साधं पीसीआय आणि ‘बी’ म्हणजे पीसीआय-एक्सप्रेस. टीई १२२ ला डब्ल्यूसीटीई-१२एक्सपी, टीई २३५ आणि ४३५ ला डब्ल्यूसीटीई-४३एक्स, आणि टीई ४०५, ४१०, ४२० या जुन्या चार पोर्टवाल्यांना डब्ल्यूसीटी-४एक्सएक्सपी.

यातला पहिला, डब्ल्यूसीटीडीएम, डाहडी ३ मधून काढून टाकला आहे. त्याच्यासोबत एक पोर्टच्या एक्स १०० पी चा डब्ल्यूसीएफएक्सओ, जुन्या ई१ (पीआरआय जिच्यावरून येते ती लाइन) कार्डाचा डब्ल्यूसीटीई-११एक्सपी आणि टॉर२ हेही गेले. म्हणजे टीडीएम ४०० पी घेतलं की डाहडी २.११ वर राहायचं. आणि २.११ जसंच्या तसं नव्या कर्नलवर कंपाइलच होत नाही, कारण कर्नल ४.१५ मध्ये टायमरची जुनी पद्धत काढली आणि हा कोड तिच्यावरच उभा आहे. थोडक्यात, सेंटओएस ७ चा ३.१० कर्नल ही त्या कार्डाची शेवटची सुखाची जागा होती, आणि सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला.

ही तारीख महत्त्वाची आहे. बहुतेक जुने पीबीएक्स सेंटओएसवरच बसवलेले आहेत. पीबीएक्सचं तयार सॉफ्टवेअर फ्रीपीबीएक्स १७ आलं ते डेबियन १२ वर, आणि डेबियन १२ चा कर्नल ६.१. ३.१० वरून थेट ६.१ वर उडी मारताना कार्डाचं काय होणार हे कोणी विचारत नाही. सर्व्हर बदलायचं कोटेशन येतं, त्यात मदरबोर्ड, रॅम, एसएसडी सगळं असतं, आणि कार्डापुढे ‘जुनंच वापरू’ असं लिहिलेलं असतं. त्यात आणखी एक मेख: नव्या मदरबोर्डावर साधा पीसीआय स्लॉटच नसतो. मग बाजारात मिळणारी पीसीआय-एक्सप्रेस ते पीसीआय अशी पट्टी लावली जाते. या पट्टीवर कार्ड दिसतं, पण इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला मारलेल्या हाका) वेळेवर मिळत नाहीत आणि आवाज तुटतो. पट्टीचा नाद सोडलेला बरा.

जुनं पीसीआय ई१ कार्ड घेत असाल तर स्लॉटच्या व्होल्टेजकडेही बघा. टीई ४०५ पी हे ५ व्होल्टच्या स्लॉटसाठी आणि टीई ४१० पी हे ३.३ व्होल्टच्या. खाच वेगळी असल्यामुळे बसतच नाही, आणि जोर लावून बसवणारे महाभाग असतात.

कर्नल बदलला की काय मोडतं

डाहडी हा कर्नलच्या मुख्य झाडात नाही. तो बाहेरून कंपाइल करून घालायचा मोड्युल आहे. कर्नल अपडेट झाला की जुना मोड्युल नव्यात लोड होत नाही, आणि हे कळतं ते पुढच्या रीबूटला. अपडेट रविवारी रात्री होतो, लाइट जाते मंगळवारी दुपारी, यूपीएस दम तोडतो, मशीन पुन्हा सुरू होते आणि फोन मुके. लोक लाइटला दोष देतात. खरं कारण दोन दिवस आधीच येऊन बसलेलं असतं.

नुसतं पुन्हा कंपाइल करूनही दर वेळी भागत नाही, कारण कर्नलच्या आतली फंक्शनं बदलत राहतात. ५.६ मध्ये प्रॉक फाइलींची रचना बदलली आणि आयओरीमॅप-नोकॅश गेलं. ५.१७ मध्ये पीडीई-डेटा हे नाव मोठ्या अक्षरांतून लहान अक्षरांत आलं. एवढ्याशा बदलानेही कंपाइल अडतं. ५.१८ मध्ये पीसीआयचे जुने डीएमए मास्कवाले फंक्शन काढले. ६.४ मध्ये क्लास-क्रिएट हे फंक्शन दोनऐवजी एकच आर्ग्युमेंट घेऊ लागलं. तेव्हा पेनड्राइव्हवर वर्षानुवर्षं पडलेलं डाहडी ३.१ घेऊन डेबियन १२ च्या मशीनशी झटापट करू नका. ३ मालिकेतलं सगळ्यात ताजं पॅक उतरवा. एरर नेमका कोणत्या फंक्शनवर आला ते वाचलं तर वरच्या यादीवरून लगेच कळतं की पॅक किती जुनं पडलंय.

आमचं मत इथे स्पष्ट आहे: पीबीएक्सच्या मशीनवर कर्नल अपडेट आपोआप होऊ देऊच नये. डेबियनवर एपीटी-मार्क होल्ड करून कर्नल इमेज आणि हेडर्स दोन्ही धरून ठेवा. नुसती इमेज धरली आणि हेडर्स पुढे गेले तर पुढच्या वेळी कंपाइल करताना दोघांचा मेळ बसत नाही. रेड हॅटच्या घराण्यात डीएनएफचा व्हर्जनलॉक आहे. डीकेएमएस लावलं की कर्नलसोबत ड्रायव्हर आपोआप कंपाइल होतो हे खरं, पण वरच्यासारखं फंक्शन बदललं तर डीकेएमएसही गप्प फेल होतं. डीकेएमएस सोय आहे, हमी नव्हे.

सिक्युअर बूट चालू असलेल्या नव्या मशीनवर आणखी एक अडथळा. सगळं नीट कंपाइल होतं, इन्स्टॉल होतं, आणि मोड्युल लोड करणारी मॉडप्रोब कमांड म्हणते, सहीची आवश्यक ‘की’ (डिजिटल किल्ली) उपलब्ध नाही. मोड्युलवर सही नाही एवढाच त्याचा अर्थ. एकतर मॉक-युटिलने आपली की नोंदवून मोड्युल साइन करा, नाहीतर बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा. आतल्या नेटवर्कवर कुलूपबंद कपाटात असलेल्या मशीनवर बंद करणं चालतं. उघड्यावर असेल तर की नोंदवायचे कष्ट घ्या.

बसवायचा क्रम ठरलेला आहे: आधी डाहडी, मग लिबपीआरआय (पीआरआयची लायब्ररी), शेवटी अ‍ॅस्टेरिस्क. लोक अ‍ॅस्टेरिस्क आधी टाकतात, आणि मग डाहडीशी जोडणारं चॅन-डाहडी मोड्युल सापडत नाही म्हणून हैराण होतात. अ‍ॅस्टेरिस्कच्या मेन्यूसिलेक्टमध्ये चॅन-डाहडीपुढे तीन एक्स दिसले तर समजायचं की त्याला डाहडीच्या हेडर फाइली मिळाल्या नाहीत. डाहडीच्या फोल्डरमध्ये मेक, मग मेक इन्स्टॉल, मग मेक इन्स्टॉल-कॉन्फिग. हे तिसरं बऱ्याच जणांकडून राहतं, आणि मग सुरुवातीची स्क्रिप्ट आणि सेटिंगच्या फाइली जागेवर नसतात. आधी जीसीसी, मेक, ऑटोकॉन्फ, लिबटूल आणि यूनेम-आर या कमांडने चालू कर्नलचा जो आकडा दिसेल त्याच आकड्याचे कर्नल हेडर्स असावेत.

फर्मवेअर: इंटरनेट नसलेल्या जागी खरी परीक्षा

इथे डाहडीला गुण कमी द्यावे लागतात. कार्डांचं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, सोर्सच्या गाठोड्यात नसतं. मेक इन्स्टॉल चालू असताना ते डिजियमच्या डाउनलोड सर्व्हरवरून उतरवलं जातं. कारखान्यात सर्व्हर रूमला इंटरनेट बंद ठेवलेलं असतं, किंवा तालुक्याच्या गावात लाइन नेमकी त्याच वेळी मान टाकते. मग ड्रायव्हर बसतो, फर्मवेअर बसत नाही, आणि काही कार्डं तरीही चालतात! हाच फसवा भाग. टीडीएम ४१० पी वर व्हीपीएम-एडीटी ०३२ हे इको (आपलाच आवाज परत ऐकू येणं) काढायचं मोड्युल असेल आणि त्याचं फर्मवेअर मिळालं नाही, तर कार्ड कॉल घेतं, कॉल लावतं, फक्त इको काढत नाही. तक्रार येते ती ‘आवाज घुमतो’ अशी, आणि माणूस लाइन तपासत बसतो.

उपाय सोपा आहे. जिथे इंटरनेट आहे तिथे फर्मवेअरची गाठोडी आधी उतरवून ठेवा: अ‍ॅनालॉगसाठी व्हीपीएम-एडीटी ०३२ आणि व्हीपीएम-ऑक्ट ०३२, चार पोर्टच्या जुन्या ई१ कार्डांसाठी ऑक्ट ६११४ चे ०६४, १२८ आणि २५६ हे तीन, शिवाय ए४, ए८ आणि टीई ४३५ चे आपापले. ही गाठोडी डाहडीच्या फर्मवेअर फोल्डरमध्ये टाकली की मेक बाहेर जात नाही.

जुन्या मशीनवरून लिब-फर्मवेअर फोल्डर उचलून नव्यात टाकणारेही आहेत. चालतं, पण एक खोच आहे. मूळ बिन फाइलीसोबत टिंबापासून सुरू होणारी एक लपलेली रिकामी फाइल असते, तिच्या नावात आवृत्तीचा आकडा असतो, उदाहरणार्थ १.२५.०. ती आणली नाही तर पुढच्या मेक इन्स्टॉलला ते फर्मवेअर नाहीच असं धरून पुन्हा डाउनलोडच्या मागे लागतं. साध्या कॉपीत लपलेल्या फाइली सुटतात.

फर्मवेअर दोन प्रकारचं असतं, आणि फरक लक्षात ठेवलाच पाहिजे. इकोच्या मोड्युलचं फर्मवेअर दर वेळी ड्रायव्हर लोड होताना कार्डात ओतलं जातं, वीज गेली की पुसलं जातं. ए४बी, टीई ४३५ सारख्या नव्या कार्डांत मात्र कार्डावरच फ्लॅश आहे. ड्रायव्हरला अपेक्षित आवृत्ती कार्डातल्या आवृत्तीशी जुळली नाही तर तो स्वतःहून फ्लॅश लिहायला घेतो. कर्नलच्या लॉगमध्ये (डीमेसेग) तसं लिहून येतं. अशा वेळी मशीन अडकली असं समजून बटण दाबून बंद केली तर कार्ड गेलं. डाहडीची आवृत्ती बदलल्यानंतरचा पहिला बूट ऑनलाइन यूपीएसवरच करा, आणि जनरेटर-लाइटच्या बदलीच्या वेळी तर मुळीच नको.

इको कॅन्सलर चालू आहे का हे बघायला एलएस-डाहडी चालवलं की मोड्युलच्या नावापुढे ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ दिसतं आणि लोक घाबरतात. कॉल चालू नसताना तसंच दिसायला हवं. एखादा कॉल चालू ठेवून बघा. नावच दिसत नसेल तर फर्मवेअरकडे वळा.

बीएसएनएलच्या तांब्याच्या लाइनवर

अ‍ॅनालॉग कार्डात दोन जातीचे पोर्ट. एफएक्सओ म्हणजे एक्स्चेंजची लाइन जिथे येते तो, लाल मोड्युल. एफएक्सएस म्हणजे आपण फोन जोडतो तो, हिरवं. सेटिंगमध्ये मात्र उलटं लिहायचं असतं: एफएक्सओ पोर्टाला एफएक्सएसकेएस आणि एफएक्सएस पोर्टाला एफएक्सओकेएस. कारण सिग्नलिंग समोरच्या टोकाच्या नावाने ओळखतात. डाहडी-जेनकॉन्फ हे बरोबर लिहून देतं, हाताने दुरुस्ती करताना माणूस चुकतो.

हिरव्या मोड्युलला फोनची घंटी वाजवायला मशीनच्या पॉवर सप्लायमधून वेगळी १२ व्होल्टची मोलेक्स केबल लागते. ती विसरली की कर्नलच्या लॉगमध्ये ड्रायव्हर अक्षरशः ओरडतो: इंग्रजी मोठ्या अक्षरांत, दोन प्रश्नचिन्हांसह, हार्डडिस्कची पॉवर केबल कार्डाला लावायची आठवण राहिली का म्हणून. एवढं स्पष्ट बोलणारा ड्रायव्हर विरळा. नव्या पॉवर सप्लायमध्ये मोलेक्सची टोकं एक-दोनच असतात, तेव्हा आधीच मोजून घ्या.

देशाच्या सवयी ड्रायव्हरला सांगाव्या लागतात, आणि इथे डाहडी खरंच चांगला आहे. मॉडप्रोबच्या फाइलीत ऑपरमोड म्हणून इंडिया असा पर्याय आहे. सिस्टीमच्या फाइलीत लोडझोन आणि डिफॉल्टझोन ‘आयएन’ करा. मूळ फाइलीत ‘यूएस’ असतं आणि तसंच राहतं.

कॉलर आयडी न येणं ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. अ‍ॅस्टेरिस्कची मूळ सेटिंग अमेरिकी पद्धतीची: पहिल्या घंटीनंतर मोडेमसारखा सिग्नल. आपल्या एक्स्चेंजवरून नंबर येतो तो घंटीच्या आधी, डीटीएमएफ (फोनची बटणं दाबल्यावर वाजतात त्या) सुरांत, आणि सुरुवात लाइनची पोलॅरिटी (अधिक-उणे) उलटून होते. म्हणून चॅन-डाहडीच्या फाइलीत सीआयडी-सिग्नलिंग डीटीएमएफ आणि सीआयडी-स्टार्ट ‘पोलॅरिटी_आयएन’. हा ‘आयएन’ खास भारतासाठीच घातलेला आहे. काही लाइनींवर पोलॅरिटी उलटत नाही, तिथे सीआयडी-स्टार्टही डीटीएमएफ ठेवून बघा. तरी नंबरातले अंक गळत असतील तर डीटीएमएफ-सीआयडी-लेव्हल २५६ वरून खाली आणा. लांबच्या डीपीवरून (लाइनी वाटायची पेटी) येणाऱ्या लाइनवर सूर क्षीण असतात.

दुसरी तक्रार: समोरच्याने ठेवला तरी लाइन धरून बसते. एफएक्सओ पोर्टाला समोरचा गेला हे कळायला एकतर पोलॅरिटी उलटायला हवी किंवा बिझी टोन ओळखता यायला हवा. बिझी-डिटेक्ट चालू करा, बिझी-काउंट ४ ठेवा आणि बिझी-पॅटर्न ७५०,७५०. आपला बिझी टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. पॅटर्न न देता काउंट ३ ठेवला तर बोलता-बोलता कॉल कापला जातो, विशेषतः मागे यंत्राचा ठेक्यात आवाज असेल तर. जालन्याच्या रोलिंग मिलच्या ऑफिसात हे होणारच. कापाकापी थांबत नसेल तर काउंट ६ करा. लाइन सुटायला दोन-तीन सेकंद जास्त लागतील, पण कॉल टिकेल.

इको मूळ निर्माण होतो तो दोन तारांवरून चार तारांवर जाताना जोड जुळत नाही म्हणून. ड्रॉप वायरला जागोजागी पीळ मारून जोडलेलं असेल, रोझेटमध्ये गंज असेल, तर सॉफ्टवेअर काय करणार? आधी तार बदला. मग अ‍ॅस्टेरिस्क बंद करून एफएक्सओट्यून चालवा, एक अंक देऊन, म्हणजे डायल टोन तुटतो आणि लाइन शांत होते. पोर्टामागे बराच वेळ घेतं, घाई करू नका. निघालेले आकडे दर बूटला एफएक्सओट्यून -एस ने परत भरावे लागतात, हे स्टार्टअपमध्ये घातलं नाही तर सगळी मेहनत पहिल्या रीबूटला पाण्यात. सॉफ्टवेअर कॅन्सलरमध्ये एमजी२ साध्या लाइनला पुरतो. तो १२८ टॅप्स म्हणजे १६ मिलीसेकंद धरतो, हार्डवेअर मोड्युल १०२४ टॅप्स, म्हणजे १२८ मिलीसेकंद. चारपेक्षा जास्त लाइनी असतील तर हार्डवेअर मोड्युलचे पैसे वाचवू नका.

पीआरआय

पीआरआयवर डाहडीची कामगिरी अ‍ॅनालॉगपेक्षा सरस, आणि सांगण्यासारखं कमी. एक ई१ म्हणजे २.०४८ एमबीपीएस, ३० बोलायचे चॅनल आणि सिग्नलिंगला १६ वा. सिस्टीम फाइलीत स्पॅन १,१,०,सीसीएस,एचडीबी३,सीआरसी४, बी-चॅनल १ ते १५ आणि १७ ते ३१, डी-चॅनल १६. स्विचटाइप युरोआयएसडीएन.

डाहडी-स्कॅनमध्ये ३१ ऐवजी २४ चॅनल दिसले तर कार्ड टी१ या २४ चॅनलच्या पद्धतीवर आहे. टीई १२२ वर जंपर आहे, नव्या कार्डांना डिफॉल्ट-लाइनमोड ई१ असा पर्याय मॉडप्रोबच्या फाइलीत द्यावा लागतो. स्पॅनमधला दुसरा आकडा घड्याळाचा. १ म्हणजे घड्याळ कंपनीकडून घ्यायचं. तिथे ० पडला की दोन्हीकडे आपापलं घड्याळ, मग मध्येच टिक्-टिक्, फॅक्स अर्धवट, आणि लॉगमध्ये डी-चॅनलवर एचडीएलसी अबॉर्ट नाहीतर बॅड एफसीएस. सीआरसी४ समोरच्या एक्स्चेंजवर बंद असेल तर आपल्याकडूनही काढा, नाहीतर अलार्म जाणार नाही.

लाल अलार्म म्हणजे आपल्याला सिग्नल मिळत नाही. पिवळा म्हणजे आपला सिग्नल पलीकडे पोचत नाही. निळा म्हणजे मधलं कुठलं तरी उपकरण सलग नुसता ‘१’ हाच अंक पाठवतंय. कंपनीच्या माणसाला बोलवण्याआधी लूपबॅक प्लग करून कार्ड तपासा: आरजे-४५ ची पिन १ आणि ४ जोडा, २ आणि ५ जोडा. अलार्म गेला तर कार्ड आणि केबल निर्दोष. मोडेमवर बीएनसीचे दोन सॉकेट असतील तर ते ७५ ओहमचे, कार्ड १२० ओहमचं; मध्ये बॅलन (दोन्हींचे ओहम जुळवणारं छोटं उपकरण) लावावा लागतो, नुसती तार जोडून चालत नाही.

इंटरप्टची तब्येत डाहडी-टेस्टने बघा. आकडा ९९.९८ च्या आसपास हवा. लॉगमध्ये ‘मिस्ड इंटरप्ट’ आणि लेटन्सी वाढवून ४ मिलीसेकंद केल्याचा संदेश एकदा बूटला आला तर सोडून द्या. दिवसभर वाढतच चालला असेल तर बायोसमधली वीज वाचवायची सेटिंगं बंद करा आणि स्लॉट बदलून बघा. व्हर्च्युअल मशीनमध्ये कार्ड पासथ्रू करायचा मोह आवरा.

टीडीएम ४०० पी सारख्या टायगर ३२० चिपच्या कार्डांना कर्नलमधला आयएसडीएनचा नेटजेट ड्रायव्हर आपलं समजून पकडतो, कारण पीसीआय आयडी तोच. नेटजेट ब्लॅकलिस्ट करा आणि इनिटरॅमएफएस (बूटला पहिली लोड होणारी इमेज) पुन्हा बनवा, नाहीतर ब्लॅकलिस्ट असूनही तो आधीच लोड होतो.

सँगोमाची मूळची ए-मालिका, ए१०१, ए२०० वगैरे, चालते वॅनपाइपवर. तो डाहडीच्या सोर्सवर कंपाइल होतो, म्हणून डाहडी बदललं की वॅनपाइपही पुन्हा. दोन गाडे एकत्र ओढायची तयारी असेल तरच घ्या. त्याचं फर्मवेअर बदलायला वॅन-एएफटी-अप नावाची स्वतंत्र कमांड आहे, आणि त्याआधी वॅनराउटर थांबवावा लागतो.

वीज, अर्थिंग, वळवाचा पाऊस

मे महिन्यात वळवाचा पाऊस येतो तेव्हा एफएक्सओ मोड्युलं जळतात. त्याआधीच एप्रिलमध्ये काळी जमीन भेगाळलेली असते, खड्ड्यातली माती कोरडी ठक्क आणि अर्थिंगचा रोध चढलेला. म्हणजे विजा सुरू व्हायच्या नेमक्या वेळी अर्थिंग सगळ्यात कमजोर. उन्हाळ्यात खड्ड्यात आठवड्याला पाणी सोडा, टेस्टरने मोजून ५ ओहमच्या आत आहे का बघा, न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज २ च्या खाली हवा.

लाइन कार्डात येण्याआधी क्रोन मोड्युलवर (तारा जोडायच्या पट्टीवर) तीन टोकांचे गॅस ट्यूबवाले प्रोटेक्टर लावा, आणि ते २३० व्होल्टचे घ्या. ९० व्होल्टचे स्वस्त मिळतात, पण घंटीचा ७५ व्होल्टचा एसी म्हणजे शिखराला १०६, त्यात लाइनचे ४८ मिळवले की १५४. ९० ची ट्यूब प्रत्येक घंटीला पेटेल आणि फोन एका घंटीत गप्प होईल. प्रोटेक्टरची अर्थ तार जाड आणि आखूड, थेट अर्थिंगच्या पट्टीला. कॅबिनेटच्या स्क्रूला अडकवून दिलेली तार शोभेची.

मोड्युल गेलं हे ओळखायचं असं: लाइन रोझेटवर जिवंत, पण एलएस-डाहडीत तो पोर्ट लाल. टीडीएम ४०० पी आणि ४१० पी वर मोड्युल एकेक बदलता येतं, चॅनलचे नंबर हलत नाहीत, रिकाम्या जागेचा नंबरही राखीव असतो. दुरुस्तीच्या दृष्टीने या कार्डांचा हा मोठाच गुण. जिनिंग किंवा डाळ मिलमध्ये सहा महिन्यांनी कार्ड काढून स्लॉट ब्लोअरने साफ करा, सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने (आयपीए) पुसा. खोडरबराने घासू नका, मुलामा जातो.

घ्यावं का?

पीआरआय असेल तर टीई ४३५ किंवा टीई २३५, डाहडी ३ आणि धरून ठेवलेला कर्नल, हा जोड बिनधास्त घ्या. सेकंडहँड टीई १२२ सुद्धा चालेल, पीसीआय स्लॉट असलेली जुनी मशीन हाताशी असेल तर. तीन-चार अ‍ॅनालॉग लाइनींना ए४बी ठीक. टीडीएम ४१० पी जुन्या मशीनवर बसलेलं असेल तर उगाच काढू नका. टीडीएम ४०० पी आणि एक्स १०० पी फुकट मिळाली तरी नव्या सर्व्हरसाठी नकोत; मोड्युलं तेवढी काढून सुट्या भागांत ठेवा.

आणि एक-दोनच लाइनी असतील, सर्व्हर लहान मिनी पीसी असेल, स्लॉटच नसेल, तर कार्डाच्या फंदात न पडता नेटवर्कवर चालणारा एफएक्सओ गेटवे घ्या. त्याचा ड्रायव्हर त्याच्यातच असतो, कर्नल बदलला तरी त्याला पत्ता नसतो. गेटवेलाही देशाची सेटिंगं सुटत नाहीत मात्र: कॉलर आयडी डीटीएमएफ, घंटीच्या आधी, आणि डिस्कनेक्ट टोन ४०० हर्ट्झ, ७५० चालू, ७५० बंद.